सकाळच्या बॅचचा संशयित

काचेवर टकटक झाली तेव्हा रोशनी दोन्ही हात काखेत खुपसून, इंजिन गरम व्हायची वाट बघत गाडीत बसली होती. त्या आठवड्यात धुळ्याचा पारा पाचावर उतरला होता. पांझरा नदीवरून उठलेलं धुकं देवपुरातल्या गल्लीगल्लीत शिरून, पाहुण्यासारखं निवांत पसरून बसलं होतं.

तिनं काच दोन बोटं खाली केली. बाहेर एक माकडटोपी, त्यावर मफलर आणि मधल्या फटीत दोन डोळे. बाकी माणूस कुठे दिसतच नव्हता.

"रुपचंद ड्रायव्हिंग स्कूल... हेच ना?"

"बोर्ड वाचलात की."

"सकाळची बॅच आहे का? सगळ्यात पहिली?"

रोशनीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. डिसेंबर लागला की पहिली बॅच ओस पडायची. बायका दुपारचं ऊन मागायच्या, कॉलेजची मुलं तर जानेवारी संपल्याशिवाय फिरकायचीच नाहीत.

"दुपारची घ्या ना. हात तरी हलतात."

"नको. सकाळचीच." त्यानं मफलर आणखी आवळला. "जेवढी थंडी, तेवढं बरं."

तिथेच रोशनीच्या मनात पहिली पाल चुकचुकली.

स्कूल तिच्या वडिलांचं, रुपचंद नानांचं. जन्मभर एस.टी. चालवून झाल्यावर त्यांनी ते काढलं. पण आता थंडीत त्यांचे गुडघे धरायचे, म्हणून सकाळच्या बॅचा रोशनी घ्यायची. शिकवायची गाडी म्हणजे एक जुनी पांढरी मोटार. मास्तरच्या बाजूलाही एक जादा ब्रेक, म्हणजे शिकणारा घाबरला तर शेजारून थांबवता येतं. याच कामावरून तिचं एक जमत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलाकडच्यांनी गुपचूप एका मित्राला विद्यार्थी म्हणून धाडलं होतं, आणि त्यानं जाऊन सांगितलं होतं, मुलगी चांगली आहे, पण दिवसभर परक्या पुरुषांच्या शेजारी बसते. तेव्हापासून कुणी जरा जास्त गोड बोललं की रोशनी सावध व्हायची.

"गाडी याआधी चालवलीय कधी?" तिनं विचारलं.

"कधीच नाही," मफलरमधून उत्तर आलं. नाव सांगितलं हेमराज. गाव दोंडाईचा. इथे मित्राच्या खोलीवर राहतो म्हणाला.

गाडी शिकायला दोंडाईच्याहून धुळ्याला? तिकडे काय गाड्या नाहीत? तरी रोशनीनं वहीत नाव लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो हजर. मफलर उतरला आणि खाली एक सरळ नाकाचा, थंडीनं ओठ उललेला, बरा... म्हणजे बऱ्यापैकी बरा चेहरा निघाला. रोशनीनं ताबडतोब समोर बघितलं.

"चावी फिरवायच्या आधी..." ती शिकवायला लागली, तर त्याचा डावा पाय केव्हाच क्लचवर गेला होता. क्लच पूर्ण दाबून, अॅक्सिलेटरला पायही न लावता त्यानं इंजिन सुरू केलं आणि ते आपसूक स्थिर होईपर्यंत शांत बसला. नवखी माणसं थंड गाडी घूं-घूं करून गल्ली उठवतात.

"कुणी सांगितलं, क्लच दाबायचा म्हणून?"

"मोबाईलवर... बघितलं होतं."

"अच्छा."

नकाणे तलावाच्या रस्त्यावर तर कमालच झाली. थंडीत गिअरबॉक्समधलं तेल घट्ट होतं. पहिला गिअर कसाबसा पडतो, पण दुसरा मात्र रुसतो. शिकणारे दांडी ओढतात, कुणी दोन्ही हातांनी ओढतात, आणि गाडी खर्रकन ओरडते. हेमराजनं दांडी मध्ये आणली, क्लच एकदा सोडला, पुन्हा दाबला, आणि दोन बोटांनी, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण सरकवावं तसा दुसरा गिअर घातला. आवाजसुद्धा नाही.

रोशनी बघतच राहिली. "हे पण मोबाईलवर?"

"अं... अंदाजानं पडला."

"तुमचा अंदाज भारी आहे हो."

"मॅडम शिकवतातच तसं."

"मी अजून शिकवलंच नाही!"

तो हसला. हसताना त्याचे कान लाल झाले. की थंडीनं? रोशनीनं तेही संशयाच्या खात्यातच टाकलं.

घरी येऊन तिनं नानांना सांगितलं, "हा माणूस गाडी चालवतो, नाना. आणि येत नाही म्हणतो. नक्की बसस्टँडकडच्या नव्या स्कूलवाल्यांनी पाठवलाय."

नाना गोधडीतून म्हणाले, "आपल्याकडून चोरून काय नेणार तो? माझे गुडघे?"

"मग कुणीतरी... मला बघायला धाडलेला असेल. मागच्यासारखा."

यावर मात्र नाना हसले नाहीत. "तसं असेल तर त्याला चांगलं शिकव आणि सोडून दे. तू तुझं काम कर."

ती काम करत राहिली. पण हेमराज काही केल्या उलगडेना. दुसरा गिअर लोण्यासारखा घालणारा हा माणूस तिसऱ्यावर आला की दगड व्हायचा. धुकं दाट झालं, काचेवर आतून वाफ धरली, की त्याची बोटं स्टेअरिंगवर पांढरी पडायची. एवढ्या गारठ्यात कपाळावर घाम! आणि सारखं, दर दोन-चार मिनिटांनी त्याचे डोळे खाली जायचे. रोशनीच्या पायांकडे.

पहिल्यांदा तिला वाटलं, भास. दुसऱ्यांदा तिनं पाय आखडून घेतले, तर त्यानं गाडी गपकन थांबवली. तिसऱ्या दिवशी तिचा संयम संपला.

"माझ्या पायांकडे काय बघता हो तुम्ही?"

"मी?... नाही..."

"समोर बघून चालवायची असते गाडी. समोर! रोज ओरडते मी."

"ते... तुमचे मोजे," तो चाचरला. "छान आहेत."

रोशनीनं खाली बघितलं. एक मोजा तपकिरी, एक निळा. दोन्हींतून अंगठा बाहेर डोकावत होता.

"हे छान आहेत?"

"उबदार... असतील."

तिला हसू फुटत होतं, ते तिनं दातांखाली दाबलं. लबाड आहे! पण लबाडाचं बोलणं इतकं ओशाळं कसं? त्या दिवशी संध्याकाळी तिनं बाजारातून मोज्यांची नवी जोडी आणली, आणि आणल्यावर स्वतःवरच चिडली.

मग एका सकाळी शकीलभाईंच्या चहाच्या गाडीपाशी सगळं फुटलं. दोघं काचेचा ग्लास ओंजळीत धरून वाफ तोंडावर घेत उभी होती. हेमराज सांगत होता, दोंडाईच्याला मिरचीचा सीझन लागला की अख्खं गाव शिंकतं, लग्नात भटजीसुद्धा मंगलाष्टकं अर्धी म्हणून शिंकतो. रोशनी इतकी हसली की चहा सांडला. तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली आणि ड्रायव्हरनं खिडकीतून हाक मारली.

"अरे हेमराज! इथे कुठे रे? आणि शिकायच्या गाडीवर तू काय करतोस? मास्तर झाला का? वहिनी, याच्यासारखा हात नाही हो अख्ख्या दोंडाईच्यात! नंदुरबारचा माल पहाटे भरून, ऊन यायच्या आत परत यायचा!"

पिकअप गेली. हेमराज चहाच्या ग्लासात बघत राहिला. रोशनीला 'वहिनी'चा राग यायला हवा होता, पण तो यायला जागाच नव्हती. दुसऱ्याच रागानं ती भरून गेली होती.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"खोटं! कुणाच्या घरचे? काय सांगणार आहात जाऊन? मुलगी खो-खो हसते, चहा पिते, फाटके मोजे घालते?"

"मॅडम, ऐका..."

"सगळं येतं तुम्हाला. रोज या थंडीत माझ्या शेजारी बसून नाटक करत होतात!"

"नाटक नव्हतं ते," तो हळूच म्हणाला. "गाडी येत होती. आता... येत नाही."

त्यानं ग्लास खाली ठेवला. मग थांबत थांबत सांगितलं. गेल्या वर्षी अशाच थंडीत तो वडिलांना घेऊन निघाला होता. उशीर झाला म्हणून काच नीट पुसली नाही. चालत्या गाडीत हातानंच वाफ पुसत होता. धुक्यात कापसाची बैलगाडी अगदी जवळ आली तेव्हा दिसली. वाचवायला गेला आणि गाडी खड्ड्यात. त्याला खरचटलंही नाही. आबांची मांडी मोडली. वर्षभर काठी.

"मी पायाकडे बघायचो..." त्याचा आवाज उतरला, "तुमचा पाय ब्रेकवर आहे ना, ते बघायला. तो असला की मला पुढे जाता येतं."

धुक्यातून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, येतं ना, मग चालवा. गावात सगळे तेच म्हणतात, म्हणून तर इथे आलो. आणि भीती थंडीत, धुक्यातच वाटते, म्हणून पहिली बॅच."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मन आतून ढोसत होतं... ही गोष्टही रचलेली असली तर? मागचा तो मित्रही किती भोळा दिसायचा!

"तुमच्या आबांना मला भेटायचंय," ती म्हणाली. "खरं आहे की नाही, मी बघणार."

तो दुखावेल असं तिला वाटलं होतं. उलट त्याचा चेहरा उजळला. "चालेल. मग एक विनंती आहे. आबांची थोरली बहीण रावेरला असते. आक्का. फार थकलीय, रोज फोनवर एकच विचारते, जीवराम कधी येणार? मला आबांना तिकडे गाडीनं न्यायचंय. तुम्ही शेजारी बसाल?"

नानांनी खूप वेळ विचार केला. "गाडी ने," म्हणाले शेवटी. "दर तासाला फोन कर. आणि त्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग."

रविवारी पहाटेच दोघं दोंडाईच्याला पोचली. जीवराम आबा ओट्यावर कांबळं पांघरून बसले होते. पांढऱ्या मिशा, मांडीवर आडवी काठी. त्यांनी रोशनीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. संशयानं बघणं म्हणजे काय, ते रोशनीला त्या दिवशी कळलं. ती स्वतः त्यांच्यापुढे काहीच नव्हती.

"कोन शे तू?"

"गाडी शिकवते, आबा."

"बाईमाणूस?"

"हो."

"ह्याले गाडी येस. तुनाकडून काय शिकी ऱ्हायना मग हाऊ?"

हेमराज घाईनं "उशी आणतो" म्हणून आत पळाला. रोशनीनं धीर करून विचारलं, "आबा, वर्षभर तुम्ही घराबाहेर पडला नाहीत म्हणे. एस.टी. आहे, भाड्याची गाडी मिळते... आक्का वाट बघतात."

आबांनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "पोरी, मी दुसराना गाडीमा बठनू, तर हाऊ जल्ममा गाडीले हात लावाव नही." मग तिला नीट समजावं म्हणून गावात पाहुण्यांशी बोलतात तसं म्हणाले, "मांडी माझी मोडली, ती जुळली. याचं जे मोडलं ते कोण जुळवणार? म्हणून मी अडून बसलोय. त्याला म्हणतो, तू चालव, तरच येतो."

एवढ्यात हेमराज उशी घेऊन आला आणि आबांनी लगेच पहिल्यासारखा कडक चेहरा केला. "माले भरोसा नही ह्या पोरवर. मी मांगेच बठसू. लक्ष ठेवाले."

गाडी निघाली. आधी हेमराजनं इंजिन गरम होऊ दिलं, काचा बोटभर उघडल्या, पंख्याची हवा समोरच्या काचेवर सोडली, वाफ पूर्ण जाईपर्यंत थांबला. मागे आबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. दुसरा गिअर अडला. त्यानं क्लच सोडला, पुन्हा दाबला, गिअर पडला. मागून एक बारीक "हं" ऐकू आला.

शिरपूर मागे पडलं, चोपडा आलं. डाव्या हाताला सातपुडा असायला हवा होता, पण धुक्यानं तो अख्खाच्या अख्खा पुसून टाकला होता.

"पाय आहे ना?" हेमराज पुटपुटला.

"आहे."

"नक्की?"

"हेमराज, पाय जागेवर आहे. पण तो दाबायची वेळ येणार नाही. बघाच तुम्ही."

पहिल्यांदाच तिनं त्याला नावानं हाक मारली होती. दोघांनाही ते कळलं आणि दोघांनीही कळलं नाही असं दाखवलं.

यावलच्या अलीकडे केळीच्या बागा लागल्या. थंडीनं पानं काळी पडू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी बांधाबांधावर ओला पाला पेटवला होता. तो धूर धुक्यात मिसळला आणि रस्ता एकाएकी नाहीसाच झाला. हेमराजनं गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेतली. त्याचा श्वास ऐकू येत होता. आणि तेवढ्यात त्या पांढऱ्या भिंतीतून एक काळा आकार बाहेर आला. केळीच्या घडांनी लादलेला ट्रॅक्टर, रस्त्यातच उभा, मागे दिवा नाही.

रोशनीचा पाय ब्रेकवर आवळला गेला... पण तिनं तो दाबला नाही. एक श्वास. फक्त एकच. तोवर हेमराजनं ब्रेक दाबला होता. न दचकता, सावकाश. गाडी ट्रॅक्टरच्या बरीच आधी, सरळ रेषेत थांबली. इंजिनसुद्धा बंद पडलं नाही.

हेमराजनं तिच्याकडे बघितलं. पायांकडे नव्हे, तोंडाकडे.

"तुम्ही दाबला?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्हीच."

त्याचे डोळे भरून आले. त्यानं मफलरनं पुसले आणि "धूर लई आहे" म्हणाला. रोशनी म्हणाली, "हो ना, फारच." तिचेही डोळे त्याच धुरानं चुरचुरत होते. त्यानं आरशात बघितलं. आबांनी काठी बाजूला ठेवली होती, मान मागे टेकली होती. डोळे मिटलेले. थोड्याच वेळात घोरणं सुरू झालं.

"झोपले!" हेमराज कुजबुजला. "माझ्या गाडीत झोपले आबा."

पुढे ऊन आलं. कोवळं, पिवळं, केळीच्या पानांवरून घसरत रस्त्यावर सांडलेलं. सातपुड्याची रेघ हळूहळू उमटली. गाडी चौथ्या गिअरवर गुणगुणत चालली होती.

"मॅडम..."

"हं."

"आता ही बॅच संपेल ना?"

"संपलीच म्हणायची."

"मग रोज सकाळी मी काय करू?"

"झोपा. थंडी आहे."

त्यानं आरशात झोपलेल्या आबांकडे बघून घेतलं. "आणखी एक खोटं बोललो होतो मी."

रोशनी ताठ झाली. आलं! जे आज सकाळपासून विरघळत चाललं होतं ते सगळं पुन्हा गोठलं. "कोणतं?"

"पायांकडे बघायचो ते... पहिले काही दिवसच. नंतर, आजचा रस्ता सोडला तर, गरज उरली नव्हती. पाय आहे, हे न बघताच कळायचं."

"मग नंतर कशाला बघत होतात?"

"नंतर पायांकडे नव्हतो बघत."

गाडी एका खड्ड्यातून हलकेच गेली. रोशनीच्या कानापासून मानेपर्यंत ऊब चढत गेली. बाहेर अजूनही स्वेटरची थंडी होती.

"समोर बघून चालवा," ती म्हणाली. पण आवाजात मास्तरीण कुठे नव्हती.

"बघतो... पण उत्तर?"

"मला पण एक संशय होता." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "तुम्ही मुद्दाम शिकणं लांबवताय, असा. रोज घरी जाऊन त्याच संशयावर विचार करायचे. आणि... तो खोटा निघू नये असं वाटायचं."

हेमराजचा हात गिअरवरून किंचित सरकला. तिच्या हाताला लागला, थांबला. त्याची बोटं बर्फासारखी होती. तिनं ती आपल्या तळव्यात घेतली.

"हात स्टेअरिंगवर ठेव रे!" मागून आवाज आला. दोघं इतकी दचकली की हॉर्न वाजला. आबांचे डोळे मिटलेलेच होते. "म्हतारा झायू, भयरा नही. माले बठ्ठं ऐकू येस."

त्यानंतर रावेरपर्यंत कुणी ब्र काढला नाही. फक्त रोशनीला मध्येच हसू यायचं, मग हेमराजला यायचं, आणि मागून काठी एकदा ठक्क वाजायची.

आक्का अंगणात उन्हाला खाटेवर बसल्या होत्या. सुरकुतलेल्या हातांनी त्यांनी भावाचा चेहरा चाचपला, मिशा ओढल्या, "इतला दिन लागनात तुले?" म्हणून रडल्या आणि लगेच सुनेला गरम भाकरी टाकायला सांगितलं. हेमराजला त्यांनी छातीशी धरून ठेवलं, सोडायलाच तयार नाहीत. मग त्यांचं लक्ष दाराशी चपला काढत अवघडून उभ्या असलेल्या मुलीकडे गेलं.

"जीवराम, आनि हाई कोन शे?"

रोशनी जमिनीकडे बघू लागली. आबांनी खाटेवर ऐसपैस बैठक मारली, काठी भिंतीला टेकवली आणि मिशांवरून हात फिरवला.

"तेच तपासी ऱ्हायनू, आक्का," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "पक्कं काही समजनं नही अजून. ह्या दोघेस्वर माले दाट संशय शे. आखो चार-पाच फेऱ्या तरी मारना पडतीन गाडीमा."